डाव्या डोळ्यातला निळा

बाबा, तुमच्या निळ्या रंगाच्या दोन्ही बरण्या अजून गॅरेजच्या खिडकीतच आहेत. पीनट बटरच्या रिकाम्या बरण्या, एकीवर तुमच्या वळणदार अक्षरात 'डा' आणि दुसरीवर 'उ'. मी त्या हलवलेल्या नाहीत. नितीनने एकदा तिथलं आवरायला घेतलं होतं, पण तुमच्या मुलाचं आवरणं तुम्हाला माहीतच आहे. एक ब्रश उचलला, हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग चहा करायला निघून गेला.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. जेवलात, "डॉक्टरीणबाई, भाजीत मीठ घालायचं राहिलं की वाचवलंत?" असा टोमणा मारलात, डेकवर उन्हात खुर्ची ओढलीत आणि तिथेच गेलात. मी ताक घेऊन आले तेव्हा तुमचा एक डोळा मिटलेला आणि एक किंचित उघडा होता. खोटं कशाला सांगू, आधी मला वाटलं की नेहमीसारखा तुमचा काहीतरी प्रयोग चाललाय. मी म्हणालेसुद्धा, "आता काय गायब केलंत?" ताकाचा पेला तसाच हातात राहिला.

पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले, इतकं चांगलं की तुम्ही असतात तर मधूनच उठून बाहेर फिरायला गेला असतात. जन्म, शाळा, नोकरी, कुठून आले, कुणाकुणाला घडवलं, सगळं सांगून झालं. ते मी परत लिहीत नाही. जेवणं उरकल्यावर मंडळाचे रणपिसे भाऊ माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, ही वेळ नाही, पण विचारतो. जयंतीच्या पडद्याचं काय करायचं?"

तुम्ही, पिंपरीच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर, वेलिंग्टनजवळ अप्पर हटला मुलाकडे राहायला आलात, आणि त्याच वर्षी ठरून गेलं की आपल्या जयंतीला स्टेजमागचा पडदा तुम्हीच रंगवणार. यंदाचा पडदा गॅरेजच्या भिंतीवर ताणून तसाच होता. डाव्या बाजूला भलंमोठं केशरी पिंपळपान, आणि बाकी सगळं पांढरं. निळा लावायचा राहिला होता. आणि जयंती निळ्याशिवाय कशी होणार? तो आपला रंग. निळा राहिला होता कारण कुठला निळा, यावरून तुमचं-माझं भांडण मिटलं नव्हतं. आता तुम्ही निघून गेलात आणि पडदा माझ्या गळ्यात आला, भांडणासकट.

ते भांडण तसं जुनंच. तुम्ही आलात त्या पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. सकाळी चहा पिताना खिडकीतून नदीपलीकडचा डोंगर पाहिलात आणि म्हणालात, "तो? दहा मिनिटांवर तर आहे. जाऊन येतो." पायात नितीनच्या जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला होत्या. दुपार झाली तरी पत्ता नाही. शेवटी एक बाई तुम्हाला आपल्या गाडीतून सोडायला आली आणि मला दटावून गेली, "ही वॉज हेडिंग फॉर द हिल्स इन जँडल्स!" तुमचे पाय सोलवटले होते, पण राग पायांचा नव्हता. कुणीतरी फसवल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता.

"आयुष्यभर पोरांना शिकवलं," तुम्ही म्हणालात, "जवळचं गडद काढा, लांबचं फिकट आणि निळसर काढा. इथे लांबचं निळं होतच नाही! त्या डोंगरावरची झाडं मोजता येतात!"

मी इथल्या एका चष्म्यांच्या क्लिनिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे असं काही निघालं की मला शिकवणी घ्यायची हुक्की येते. मी सांगितलं की तिकडच्या हवेत धूळ असते, धूर असतो, म्हणून लांबचं धूसर दिसतं. इथली हवा धुतलेली. "डोळा अंतर बघत नाही बाबा, अंदाज बांधतो. तुमचा अंदाज पिंपरीच्या हवेवर शिकलेला आहे."

"म्हणजे माझा डोळा पिंपरीचा."

"हो."

"मग राहू दे पिंपरीचाच," म्हणालात आणि पाय गरम पाण्यात सोडून बसलात. पुढे जे काही झालं ते सगळं या एका वाक्यात आलं होतं. तेव्हा मला ते कळायचं कारण नव्हतं.

मग मी तुम्हाला आंधळा ठिपका दाखवला, ती माझी मोठीच चूक. कागदावर एक फुली, बाजूला माझी टिकली. एक डोळा मिटायचा, फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणायचा, की एका जागी टिकली नाहीशी होते. तुम्ही चाळीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलं होतं आणि प्रत्येक डोळ्यात एक भोक असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "मग ते भोक आपल्याला दिसत का नाही?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन बुजवतो."

"ठिगळ लावतो."

"हो, आणि शिवण दिसू देत नाही."

त्यानंतर तुम्हाला चाळाच लागला. मंडळाच्या मीटिंगमध्ये तुम्ही एक डोळा मिटून, रणपिसे भाऊंच्या शेजारच्या पाण्याच्या जगकडे टक लावून बसला होतात. मला वाटलं डोळ्यात काही गेलं. मी वाकून विचारलं तर कानात म्हणालात, "भाऊंचं डोकं गेलं. मागची भिंत आली तिथे. पण भाषण चालूच आहे." मी भर मीटिंगमध्ये फिस्सकन हसले. बिचारे भाऊ थांबले आणि म्हणाले, "काही चुकलं का वहिनी?" तुम्ही मात्र समाधी लागल्यासारखे गंभीर.

तुमच्या डोळ्यात मोती पिकत होता, हे मला पडद्यानेच कळलं. त्या वर्षीचा पडदा तुम्ही स्टेजवर चढवलात आणि मी बघतच राहिले. निळा नव्हताच तो, चक्क जांभळा होता. लोक येत होते, बघत होते, "वा मास्तर, छान झालाय" म्हणत होते. एकाचंही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी असून मी तुम्हाला क्लिनिकमध्ये नेलं. दोन्ही भिंगं चहासारखी पिवळट तपकिरी झाली होती. असं भिंग निळा आत येऊच देत नाही. तुम्हाला बरणीतला निळा फिका, हिरवट वाटायचा, म्हणून तुम्ही त्यात जांभळा ओतत गेलात, आठवणीतला निळा येईपर्यंत.

"शेजारी आपला निळा झेंडा ठेवून रंग कालवला असता तर चुकला नसतात," मी म्हटलं. "डोळा दोन्हीकडे सारखाच खोटं बोलला असता, आणि रंग जुळला असता."

"नमुना लागतो तो मास्तर कसला," तुम्ही म्हणालात. तुमची ही एक खोडच होती. उभ्या जन्मात तुम्ही नमुना समोर ठेवून रंग केला नाही.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरभर फिरलात. "हे किचन पांढरं आहे?" तुम्ही विचारलंत. इतकी वर्षं तुम्ही त्याला बदामी समजत होतात. नातीला, मैत्रीला, जवळ बोलावून तिच्या शाळेच्या स्वेटरचा रंग पाहिलात. मग गॅरेजमध्ये गेलात आणि तिथून ओरडलात, "हे कुणी रंगवलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"जांभळं खाऊन चूळ भरल्यासारखं दिसतंय! आणि एकजण बोलला नाही?"

"आदरापोटी गप्प बसले असतील."

"कसला आदर! चार शिव्या परवडल्या असत्या," तुम्ही म्हणालात, आणि त्या रविवारी रणपिसे भाऊंना फोन करून खरंच फैलावर घेतलंत. भाऊ नुसते "हो मास्तर, चुकलं मास्तर" करत होते. चूक कुणाची होती, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग तुम्ही तुमची बॅग उघडून आईंची साडी काढलीत. निळी, बारीक रुपेरी काठाची. जयंतीला त्या हीच नेसायच्या. त्या गेल्यावर तुम्ही इथे येताना त्यांची म्हणून एवढीच वस्तू आणली होती. साडी पलंगावर पसरलीत. डावा डोळा झाकून पाहिलंत, मग उजवा झाकून. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मी दारात उभी होते.

"विशाखा," तुम्ही म्हणालात. मला नावाने हाक मारलीत की मी सावध व्हायचे, एरवी मी डॉक्टरीणबाई. "ही ती साडी नाही."

मी पलंगावर बसले आणि नीट समजावून सांगितलं. तरुणपणी तुमचं भिंग स्वच्छ होतं, तेव्हा तुम्हाला रंग असेच दिसायचे. पिवळेपण इतकं हळू चढतं की माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे हा नवा डोळाच तुमचा खरा, जुना डोळा आहे. मला वाटलं, किती छान सांगितलं मी.

"तेव्हा ही साडी नव्हती," तुम्ही म्हणालात. "ही तिने मी रिटायर झाल्यावर घेतली. ही साडी मी पाहिली ती याच डोळ्याने." तुम्ही डाव्या डोळ्यावर बोट ठेवलंत. "साठीनंतर तिला पाहिलं ते याच डोळ्याने. पिकल्या भिंगातून पिकलेली बायको. आता तू म्हणतेस ते भिंग काढून टाकायचं."

मैत्री मागून आली होती. तिने साडीकडे बघून खांदे उडवले. "इट्स जस्ट ब्लू, आजोबा."

"तुझ्यासाठी जस्ट ब्लू," तुम्ही तिला म्हणालात आणि साडीची घडी केलीत.

त्या दिवसापासून तुमचा डावा डोळा हा आपल्या घरातला कायमचा विषय झाला. मी म्हणायचे, दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही म्हणून तुमचं डोकं दुखतं, पायरी चुकते, पेपर वाचताना तुम्ही मान वाकडी करता. हे सगळं खरं होतं. तुम्ही म्हणायचात, "एक डोळा तुझ्या विज्ञानाला दिला ना? एक माझा राहू दे." मी चिडायचे. तुम्ही चिडायचात. नितीन लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून म्हणायचा, "तुम्ही भांडा, माझी वेलिंग्टनची ट्रेन आहे." बाबा, मी अजूनही म्हणते की ऑपरेशन करून घ्यायला हवं होतं. तुम्ही गेलात म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. मी रजा टाकून तुम्हाला त्याआधीच्या तपासणीला नेलं. काउंटरवर नर्सने हसून नाव विचारलं आणि तुम्ही तितकंच गोड हसून म्हणालात, "नॉट टुडे, थँक यू." जणू कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्हाला कुणी जास्तीची पिशवी देऊ केली होती. मी गाडीचं दार आपटलं आणि आपण परत निघालो. हायवेवर रस्त्याचं काम चाललं होतं. एका माणसाने 'स्टॉप'ची पाटी धरली होती आणि त्याच्या पायाशी केशरी कोनांची रांग. गाडी थांबली. दोघंही समोर बघत बसलो.

"तो कोन फार भडक आहे," तुम्ही म्हणालात. तह करायची तुमची ही पद्धत मला ठाऊक होती.

मी रागातच होते, पण सवय जात नाही. "त्याच्या टोकाकडे टक लावा. पापणी हलवू नका. मी सांगेपर्यंत." थोड्या वेळाने म्हटलं, "आता त्या पांढऱ्या व्हॅनकडे बघा."

तुम्ही पाहिलंत आणि सीटवरून उठायलाच लागलात, पट्ट्याने अडवलं. "अगं, निळा कोन! व्हॅनवर निळा कोन!"

मग मी सांगितलं. केशरी बघून बघून डोळा थकतो, त्यानंतर पांढऱ्यातलं केशरी त्याला पकडता येत नाही, उरतो तो निळा. व्हॅनवर काही नाही. जे आहे ते तुमच्या डोळ्यात आहे. "आणि विरायला लागलं की डोळे मिटा, थोडा वेळ परत येतं." तुम्ही मिटलेत. लहान मुलासारखे हसलात. मग एकेक डोळा झाकून सगळा प्रयोग पुन्हा केलात. तोवर पाटी 'गो' झाली होती, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि तो पाटीवाला आपल्या खिडकीवर टकटक करत होता.

"यू ऑल गुड, मेट?"

"ऑल गुड," तुम्ही म्हणालात. "आय अ‍ॅम सीइंग ब्लू."

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे एकदम मस्त, आणि बाजूला झाला.

घरापर्यंत तुम्ही एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतात. डाव्या डोळ्यालाही निळाच दिसला, मग दोन्हीचा निळा एकच का? मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. तो रंग बाहेर नसतोच, त्यामुळे शेजारी ठेवून जुळवता येत नाही. माझ्या मशीनने तुमचं भिंग बघता येतं, डोळ्याच्या आतला पडदा बघता येतो, तुम्हाला दिसलेला तो निळा बघता येत नाही.

"म्हणजे या निळ्याला तपासायला कुणी येऊ शकत नाही? तू पण नाही?"

"मी पण नाही."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि घर येईपर्यंत अगदी खुशीत होतात. माझा राग कुठे गेला कळलंच नाही. पुढे आपण दोघांनीही त्या निळ्या कोनाचा विषय कधी काढला नाही.

मग त्या दोन बरण्या आल्या. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही समोर नमुना ठेवलात, आईंची साडी. उजव्या डोळ्याने साडी बघून उजव्याच डोळ्याने कालवलेला निळा 'उ' बरणीत. तो आम्हा सगळ्यांना साडीसारखाच दिसतो, लख्ख. आणि दुसऱ्या बरणीची युक्ती तुमची. डाव्या डोळ्याने साडी बघायची, ती मनात धरायची, डोळा बदलायचा आणि उजव्या डोळ्याने तसा रंग कालवायचा. मला तुम्ही बोलावून दाखवलात तो 'डा' निळा जरा मळलेला होता, किंचित हिरवट, संध्याकाळी नदीचं पाणी दिसतं तसा. "ही बघ," तुम्ही म्हणालात. "मला तुझी सासू अशी दिसायची." मी तो रंग बराच वेळ बघत होते. तुमच्या डोळ्यात शिरून बघण्याची माझ्या सगळ्या यंत्रांना जमली नाही ती गोष्ट तुम्ही पीनट बटरच्या बरणीत करून ठेवली होती. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "पडद्याला हा नको हं. मागच्या रांगेतून मळकट दिसेल." तुम्ही म्हणालात, "पडद्याला हाच." झालं, पुन्हा जुंपली.

पान रंगवून झालं आणि तुम्ही गॅरेजचं दार लावून घ्यायला लागलात. मी जेवायला हाक मारायचे आणि बाहेरूनच विचारायचे, "कुठला लावताय?" आतून उत्तर यायचं, "बघू." आणि मग ती दुपार आली, डेकवरची.

भाऊंना मी सांगितलं की पडदा मी पुरा करते. एका शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये गेले, दार वर केलं, भरपूर उजेड आत आला. दोन्ही बरण्यांची झाकणं काढली, एक या हातात, एक त्या हातात. 'उ' लावला तर मी जिंकले, आणि तुम्ही नसताना जिंकण्यात काय मजा. 'डा' लावला तर लोक पुन्हा आदरापोटी "छान" म्हणतील, आणि ते मला सहन झालं नसतं. ठरेना. पानाच्या मधोमध एक काळा ठिपका होता. माशी वाटली म्हणून फुंकर मारली. नखाने खरवडला तर निघेना, रंगच होता. मास्तरांच्या कामात डाग? मी त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिले, मनात ही बरणी की ती बरणी चाललेलं. बराच वेळ गेला असेल. मग वाटलं, आधी कोपऱ्यात थोडा लावून पाहावा, म्हणून नजर उजवीकडे पांढऱ्यावर नेली.

तिथे निळं पान होतं.

अख्खं, देठापासून टोकापर्यंत, कापडावर तरंगत. आणि त्याच्या बरोबर मधोमध दुसरा काळा ठिपका. तोही तुम्ही रंगवलेला, पानातल्या ठिपक्याच्या सरळ रेषेत. तो मला रंगाचा शिंतोडा वाटला होता. निळं पान कुठे उतरायचं, ती जागासुद्धा तुम्ही नेमून ठेवली होती. म्हणून पान एका बाजूला काढलं होतं. म्हणून बाकी सगळं पांढरं. तुम्ही निळा लावणारच नव्हतात, बाबा. मी रोज दाराबाहेरून 'कुठला' एवढंच विचारत राहिले, 'लावणार का' हे कधी विचारलंच नाही, आणि तुम्ही 'बघू' म्हणून खरं तेच उत्तर देत होतात.

मी रंगाच्या डब्यावर बसले आणि आधी हसले. मग रडले, तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं पोटभर रडणं. झाकणं घट्ट लावून बरण्या परत खिडकीत ठेवल्या.

जयंतीच्या दिवशी मी आईंची साडी नेसले. नितीनने पडदा चढवला आणि रणपिसे भाऊंचा चेहरा उतरला. "वहिनी, निळा कुठाय? अर्धवट पडदा लावला म्हणतील लोक."

"आहे भाऊ. त्रिशरण झालं की येईल."

"वंदना मध्येच थांबवायची?"

"एक श्वासभर. जबाबदारी माझी."

भाऊ घुटमळले. मला त्यांचा राग आला नाही, कारण धास्ती मलाही होती. गॅरेजमधल्या उन्हात जे दिसलं ते हॉलच्या ट्यूबलाइटखाली दिसेल याची खात्री नव्हती. नाही दिसलं तर तुमचा शेवटचा पडदा अर्धवटच राहणार होता, सगळ्यांसमोर, माझ्या हट्टामुळे. भाऊंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तरांचं काम आहे ना? मग होऊ द्या," म्हणाले.

मी माइकवर गेले. सांगितलं, आज त्रिशरण डोळे मिटून म्हणायचं नाही. नजर पानातल्या ठिपक्यावर ठेवायची, हलवायची नाही. तिन्ही शरणं म्हणून झाली की उजवीकडच्या ठिपक्याकडे बघायचं. सगळे उभे राहिले, हात जोडले, भाऊंनी सुरुवात केली. तुम्ही ते इतकं बरोबर हेरलं होतं. त्रिशरण संथपणे तीनदा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ डोळ्याला थकायला लागतो. मी पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत होते. शेवटची ओळ संपली. सगळ्यांच्या नजरा एकदम एका बाजूला वळल्या. क्षणभर काहीच नाही.

मग पुढच्या रांगेतल्या पोरांनी "व्होआ!" केलं. कुणी आपल्या शेजारणीचा हात धरला. मागून एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याला पण दिसला की!" भाऊ हात जोडूनच उभे होते, तोंड उघडं, डोळे पाण्याने भरलेले. "हाच," ते माइकमध्येच म्हणाले. "हाच आपला निळा." त्यानंतरचं पंचशील इतक्या जोरात म्हटलं गेलं की आमचा हॉल दणाणला.

चहाच्या वेळी भांडणं लागली. एकजण म्हणे आभाळी होता, दुसरा म्हणे छे, झेंड्यासारखाच. मावशींना त्यांच्या लग्नातल्या शालूचा निळा दिसला होता. प्रत्येकाला आपलाच खरा वाटत होता आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवायला काहीच नव्हतं. मैत्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मम, सो व्हिच वन वॉज इट? लेफ्ट ऑर राइट?" मी म्हटलं, "ते कुणालाच तपासता येत नाही, बेटा." तिने मी नेसलेल्या आईंच्या साडीचा काठ बोटात धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा. "इट्स नॉट जस्ट ब्लू," म्हणाली. तेवढंच. पण तुम्हाला सांगायला हवं म्हणून लिहिलं.

पुढच्या वर्षीही हाच पडदा लावायचा असं भाऊंनी जाहीर करून टाकलंय. 'डा' बरणी मी ठेवून घेणार आहे. 'उ' कुणीही न्या.

काल दुपारी डेकवर तुमच्या खुर्चीत बसले. वारा पडला होता, ऊन स्वच्छ होतं. नदीपलीकडचा डोंगर नेहमीसारखाच समोर येऊन उभा होता, झाडं मोजता येतील असा. तो किती लांब आहे हे मला चांगलं माहीत आहे. गाडीनेसुद्धा वेळ लागतो, आणि तुम्ही जिथे गेलात ते तर त्याहून लांब. तरी मी तुमच्यासारखा उजवा डोळा मिटला, डाव्याने पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "तो? दहा मिनिटांवर तर आहे."